मुबीनाचं सकाळचं निवेदन

पत्रकारांना चहा फाटकाच्या आत पाजायचा की बाहेर, यावरून कंपनी ओळखावी, असं मुबीना म्हणायची. ती आत पाजायची. वॉचमनच्या खोलीशेजारी, पत्र्याच्या सावलीत तिने दोन बाकडी टाकून घेतली होती आणि कोणाला बिनसाखरेचा लागतो ते तिला पाठ होतं.

कळंबोलीच्या पुढे, ट्रकांच्या रांगा विरळ होतात तिथे कमळाकरशेठचं कोल्ड स्टोरेज आहे. कोळंबी, आंबा, मटार, आइस्क्रीम, सगळं तिथे गोठून आपल्या गिऱ्हाइकाची वाट बघत असतं. मुबीना तिथे टेलिफोनवर लागली ती वीस-बाविशीची असताना. आवाज स्वच्छ, मराठी चोख. एकदा शेठनी गव्हाणच्या शाळेला पंखे दिले. बातमी लिहायला कोणी नव्हतं, ती हिने लिहिली आणि दोन पेपरांत आली. तेव्हापासून तिच्या टेबलावर 'जनसंपर्क अधिकारी' अशी पाटी लागली. टेलिफोनही तिथेच राहिला.

"मुबीनाताई, तुमच्या कंपनीत कधी काही घडतच नाही हो," जगन कुरकुरायचा. मोबाइलवर पनवेलच्या बातम्यांचं चॅनेल चालवणारा हा गडी मोटरसायकलच्या हँडलला माइक लटकवून गावभर फिरे. "पंखे, वह्या, रक्तदान. माझे प्रेक्षक झोपतात."

"बरंय की. ह्या दिवसांत झोप लागते कुणाला?"

"हसा तुम्ही. एक मात्र आहे हं ताई. तुम्ही सांगितलं की मी दुसरीकडे फोन लावत नाही. डोळे मिटून टाकतो."

हे त्याने एकदा नाही, अनेकदा म्हटलं होतं. मुबीनाला त्याचा अभिमान होता. पनवेलच्या जुन्या बाजारामागे आई हुस्नबानोबरोबर राहणाऱ्या, लग्न न झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या या बाईची सगळी कमाई म्हणजे तेवढंच होतं: तिच्या शब्दावर लोक डोळे मिटायचे.

त्या सकाळी ती रिक्षातून उतरली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माल गोठवायला लागणारा अमोनिया वायू नाकाच्या आधी डोळ्यांना कळतो. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला कामगार ओल्या पंचांनी तोंडं झाकून बसले होते. कोणी ओकत होतं. मशीनरूममधला पाइप फुटला होता.

"सगळे बाहेर आलेत ना?" तिने विचारलं.

दोघं-तिघं डोकी मोजायला लागले. मग आतून आरडाओरडा झाला आणि मशीनवरचा अदीब एका माणसाला खांद्याखाली धरून फरफटत आणताना दिसला. अदीबच्या तोंडावर मास्क होता. त्याने ओढत आणलेल्या माणसाच्या तोंडावर काहीच नव्हतं. तो गव्हाणचा प्रितेश होता.

मुबीना त्यांच्याच गाडीत बसून हॉस्पिटलात गेली. डॉक्टरांनी प्रितेशच्या छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ती खिशात ठेवून दिली.

"आणायच्या बऱ्याच आधी गेलाय हा," ते म्हणाले. "घरचं कोणी आहे?"

शेजारच्या खाटेवर अदीबचे डोळे पाण्याने धुणं चाललं होतं. त्याला दिसत नव्हतं, पण पावलांवरून त्याने तिला ओळखलं.

"मुबीनाआपा? कपाट बंद होतं, आपा. मास्कचं. किल्ली मॅनेजर आनंदासाहेबांकडे आणि साहेब अजून रोडपालीला, घरी. मी दोनदा पंचा लावून मशीनरूमकडे गेलो, दोनदा दाराआधीच गुदमरून परत आलो. मग पहारीने कपाट फोडलं. तवर..." त्याने हाताने हवेत काहीतरी सोडून दिल्यासारखं केलं. "प्रितेशला कसं आहे?"

"तू आधी डोळे धुऊन घे," मुबीना म्हणाली. त्यावर त्याने पुढे विचारलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात काशिराम उभा होता. प्रितेशचा सख्खा चुलता. कंपनीतच माल चढवायचं काम करायचा. त्याने भिंतीला पाठ लावली होती, जणू भिंत सोडली तर पडेल.

"बाय, कललं मना," तो म्हणाला. "येक काम कर. टीव्हीवाल्यांना आताच नको सांगू."

"काशिरामदादा, बाहेर सगळे उभेच आहेत."

"हायत ते. पन किश्नावैनी, त्याची आय, घरी येकलीच हाय. हातात मोबाइल हाय तिच्या, दिवसभर तेच बगत असते. आमच्यात असं नाय सांगत. आदी शेजारपाजारचे जमतात, दोन बाया तिच्या बाजूला बसतात, मंग 'शिरेस हाय' बोलून घेऊन येतात. हितं आली की मंग बगंल. तवर तू पन तसंच बोल. शिरेस हाय बोल."

मुबीनाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरी हेच होतं. अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते. परदेशात एकट्या असलेल्या माणसाला वाईट बातमी एकदम द्यायची नाही, हा मोहल्ल्याचा नेम. दादी गेली तेव्हा "दादीची तबियत जरा नरम आहे" असं फोनवर मुबीनानेच सांगितलं होतं, कारण तिचाच आवाज थरथरत नसे. सुट्टी मंजूर होऊन अब्बा घरी पोचले तेव्हा दादीच्या कबरीवरची माती सुकली होती. पुढे आयुष्यभर ते फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत राहिले. "अम्मी बरी आहे? खरंच बरी आहे?"

तरीही तिने काशिरामला हो म्हटलं. कोणीही म्हटलं असतं.

हॉस्पिटलच्या पायरीवर माइक पुढे आले.

"मॅडम, किती जण आत?"

"चौघं. तिघांच्या घशाला, डोळ्यांना त्रास झालाय. ते बोलतायत, धोका नाही."

"आणि चौथा?"

"चौथ्याची प्रकृती गंभीर आहे."

जगनने माइक खाली केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ताई, गंभीर आहे? की..."

"गंभीर आहे, जगनभाऊ."

"नाव?"

"घरचे पोचू देत. मग देते."

"बस. तुम्ही म्हणालात, झालं." तो वळला आणि मोबाइलसमोर उभा राहून घडाघडा बोलायला लागला.

खारघरहून कमळाकरशेठ आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. शेठ याच मातीतले. जमीन गेली, पैसा आला, तो त्यांनी गाड्या-पार्ट्यांत न घालवता धंद्यात घातला आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं कामाला ठेवली. प्रितेशच्या भावाच्या हळदीत ते पहाटेपर्यंत नाचले होते. आत जाऊन त्यांनी पोराचा चेहरा पाहिला, बाहेर येऊन मुबीनासमोरच्या खुर्चीत बसले आणि रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे ती आजही सांगते.

मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"तू बाहेर 'गंभीर' म्हणालीस?"

"हो शेठ. घरचे येईपर्यंत. ते आता निघालेत. आले की खरं ते सांगते."

"त्यात खरं-खोटं काय आलं? सकाळी गंभीर होता. नंतर गेला. उपचारादरम्यान मृत्यू. लिहून काढ."

"शेठ, तो मशीनरूममध्येच गेला होता."

"ते तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. आणि अदीब—"

"डॉक्टरांशी मी बोलेन. अदीबला डोळ्यांनी दिसत नाहीये, त्याला काय कळणार? आणि मुबीना, 'गंभीर' हे सगळ्या पनवेलला मी सांगितलं नाही. तू सांगितलंस. मेलेला माणूस गंभीर कसा असेल? म्हणजे जिवंत होता."

मुबीनाला पहिल्यांदा कळलं की सकाळचं तिचं वाक्य आता तिचं राहिलेलं नाही. प्रितेश हॉस्पिटलात जिवंत पोचला असेल, तर कंपनीने त्याला वेळेत बाहेर काढलं असं होतं. वेळेत काढलं असेल, तर कुलूपबंद कपाटाबद्दल विचारायला कोणी येणार नव्हतं.

"आणि तो सुरक्षा सप्ताहातला फोटो आहे ना तुझ्याकडे? तो जोड खाली. मास्क होते हे दिसू दे लोकांना."

फोटो होता. तिनेच काढला होता आणि तिनेच पेपरांना पाठवला होता. काचेच्या कपाटापुढे पाच कामगार, नव्याकोऱ्या मास्कमध्ये. फोटो झाल्यावर मास्क पुसून परत आत गेले, कुलूप लागलं. वापरून मळले तर पाहणीला येणाऱ्या साहेबांना काय दाखवायचं?

"त्या फोटोत प्रितेश आहे, शेठ. डावीकडून दुसरा."

शेठनी रुमालाची घडी केली. "मग तो नसलेला एखादा बघ."

"शेठ..."

"ऐक जरा माझं." त्यांचा आवाज मऊ झाला. "माझ्याकडे दोनशे माणसं आहेत. उद्या टाळं लागलं तर त्यांच्या चुली कोण पेटवणार? आणि घरच्यांचाही विचार कर. उपचारादरम्यान म्हटलं की आईला तेवढंच बरं. डॉक्टर होते, नर्स होती, पोरगा एकटा नव्हता. कोणाचं वाईट होतंय यात?"

सकाळी काशिरामला हो म्हणताना तिने स्वतःला हेच सांगितलं होतं.

कृष्णाबाई आली ती दोन बायांच्या मधून चालत. बाजारात मासळी विकून पोरं वाढवलेली बाई, रुंद हाडाची. ती रडत नव्हती. काशिराम पुढे झाला.

"वैनी, शिरेस हाय तो. डागतर बगतायत—"

"गप रं." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "भामा घरात आली आन माज्या गॅसवरची कढय उतरवली. तवाच कललं मना. कुनी मेल्याबिगर भामा दुसऱ्याच्या कढयला हात लावल काय?"

डाव्या बाजूची भामा पदर तोंडावर घेऊन हुंदका गिळत राहिली.

"ही कोन?" कृष्णाबाईने मुबीनाकडे मान केली.

"कंपनीची बाय. टीव्हीवर बोलते ती."

"मंग हिला म्हायती असंल." ती मुबीनाच्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला मासळीचा आणि घाईत लावलेल्या साबणाचा वास येत होता. "माजा पोर कुटं गेला? हितं का तितं?"

मुबीनाने काशिरामकडे पाहिलं. तो कृष्णाबाईच्या मागून मान हलवत होता. हितं सांग. हितं गेला बोल. व्हरांड्याच्या टोकाला शेठही उभे होते, तेही बघत होते. दोघांच्या डोळ्यांत एकच वाक्य होतं आणि ते बोलायला अगदी सोपं होतं. तिचा आवाज थरथरलाही नसता.

"तिथे गेला, मावशी. मशीनरूममध्ये. इथे आणला तेव्हा तो नव्हता."

"काय गो बाय!" काशिराम ओरडला. "जरा तरी तिचा इचार—"

"सोबत कोन व्हता त्याच्या?"

"आत कोणी नव्हतं. बाहेर अदीब होता. आत जायला धडपडत होता, पण बिनमास्कचं जाता येत नव्हतं. मास्क कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं."

"कुलूप कशाला?"

"खराब होऊ नयेत म्हणून. साहेब लोक आले की दाखवायला."

कृष्णाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पावन्यांच्या कपबश्या ठेवतो तशे."

मुबीनाने होकारार्थी मान हलवली.

"मंग तू टीव्हीवर शिरेस का बोललीस?"

"तुमच्याजवळ कोणीतरी आपलं माणूस पोचावं म्हणून. मोबाइलवर कळू नये म्हणून."

"पोचली ना मानसं?" कृष्णाबाईने दोन्ही बाजूंच्या बायांचे हात सोडवून घेतले. "मंग जा. मना सांगितलंस तसं त्यांना सांग. मी बगते माज्या पोराला."

आणि ती एकटी आत गेली.

दुपारी मुबीना पायरीवर आली तेव्हा गर्दी वाढली होती. गव्हाणची पोरं आली होती, घोषणा चालल्या होत्या. कुठूनतरी बातमी फुटली होती की पोरगा सकाळीच मेला. तिच्या हातात शेठचा कागद नव्हता. कुठलाच कागद नव्हता.

"चौथ्या कामगाराचं नाव प्रितेश. राहणार गव्हाण. त्याचा मृत्यू मशीनरूममध्ये, गळती झाली तिथेच झाला. उपचारादरम्यान नाही. मास्क कुलूपबंद कपाटात होते, किल्ली जागेवर नव्हती. सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"चुकीचं की खोटं?" पहिला प्रश्न जगनचा होता. यावेळी माइक तिच्या हनुवटीला लागला होता.

"खोटं."

"का?"

"घरच्यांना आधी कळावं म्हणून. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. पण तुम्हाला मी 'आत्ता सांगत नाही' म्हणू शकत होते. तसं म्हटलं नाही."

"ताई, सकाळपासून तेच चाललंय माझ्या चॅनेलवर! तुमच्या शब्दावर! ही पोरं मला विचारतायत, किती घेतलेस कंपनीकडून." त्याचा चेहरा लाल झाला होता. राग होता, आणि रागाच्या आत दुखावलेपण. "आता बोलताय ते तरी खरं कशावरून?"

गर्दीतून कोणीतरी शिटी मारली. "बोल की मॅडम!"

तिच्याकडे तिच्या शब्दाशिवाय दुसरं काही कधीच नव्हतं, आणि तो शब्द तिने सकाळीच खर्च केला होता.

"माझ्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "आत डॉक्टर आहेत. अदीब आहे, त्याने प्रितेशला बाहेर काढलं. दोघांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर माझं एक अक्षर दाखवू नका."

मागे शेठ उभे होते. ते ओरडले नाहीत. जवळून जाताना एवढंच म्हणाले, "वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस, मुबीना."

"म्हणूनच खरं सांगणार, हे तुम्हाला आधी सांगितलं, शेठ."

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा वॉचमनने फाटक उघडलं नाही. "मॅडम, मला सांगितलंय," म्हणत तो जमिनीकडे बघत राहिला. पत्र्याखालची बाकडी कोणीतरी उचलून नेली होती.

घरी हुस्नबानोला चार दिवस काही कळलं नाही, किंवा कळून ती बोलली नाही. मग एका दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, "बेटा, तुझा फोन वाजत नाही हल्ली."

"नोकरी गेली, अम्मी."

"बरी आहेस?"

"नाही."

"खरंच नाही?"

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण प्रश्न दोनदा विचारायची खोड घरात राहून गेली होती. "नाही, अम्मी," मुबीना म्हणाली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा रडली.

आता ती चुलतभावाच्या तिकीट एजन्सीत बसते. उमऱ्यासाठी मक्केला जाणाऱ्यांची, आखातात निघालेल्या पोरांची तिकिटं काढते. जगन रस्त्यात भेटला की थांबतो, सलाम करतो, पनवेलमध्ये काय चाललंय ते तिच्याकडून ऐकून घेतो. आणि मग दुसऱ्या कोणालातरी फोन लावून खात्री करतो, तिच्यासमोरच. ती वाईट वाटून घेत नाही, असं म्हणते.

चौकशी बरेच महिने चालली. कंपनीच्या वकिलाने तिला उभं करून तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: सकाळी खोटं बोललेली बाई दुपारी खरं बोलली हे कशावरून? तिने प्रत्येक वेळी सकाळचं खोटं कबूल केलं आणि दुपारचं तेच परत सांगितलं. डॉक्टरांची आणि अदीबची साक्ष तिच्या आधी झाली होती, आणि त्या दोघांनी शब्द बदलला नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष लिहिला तो असा, की मृत्यू जागेवर झाला आणि कंपनीची हयगय होती. कोल्ड स्टोरेजला टाळं लागलं नाही. दंड झाला, आनंदासाहेबांची नोकरी गेली, कपाट काढून टाकलं. मास्क आता मशीनरूमच्या दाराबाहेर खिळ्याला लटकतात आणि मळतात.

निष्कर्ष वाचून दाखवला त्या दिवशी कृष्णाबाई आली होती. सगळे पांगल्यावर तिने मुबीनाला हाक मारली.

"बाय, येक इचारू? अदीबची साक्ष जाली तवा मना आत बसू नाय दिली. तो माजा पोर... कोपऱ्यान व्हता का दारापाशी?"

"मला माहीत नाही, मावशी. अदीबने पाहिलंय."

"कुटं ऱ्हातो तो?"

"जवळच. आमच्या मागच्या गल्लीत."

"मंग चल, इचारू त्याला."

दोघी चालत गेल्या. बाजार भरात होता. कोळणींनी कृष्णाबाईला ओळखून वाट करून दिली, एकीने वाटेतल्या पाट्या सरकवल्या. अदीब ओट्यावर बसला होता, काळा चष्मा लावून. एका डोळ्याचं दिसणं परत आलं होतं, दुसऱ्याचं नाही.

"अदीब, प्रितेशच्या आई आल्यात," मुबीना म्हणाली. "त्यांना विचारायचंय, तो कुठे होता ते."

अदीब उठून उभा राहिला. त्याने चष्मा काढला, मुबीनाकडे पाहिलं. सांगू का, असं विचारावं तसं. तिने मान हलवली नाही. तिने काहीच केलं नाही.

"खाला, दारापाशी होता तो," तो म्हणाला. "दार ढकललं तर त्याच्या अंगाला लागलं. एक हात वर होता. दाराच्या मुठीवर."

कृष्णाबाई ओट्याच्या पायरीवर बसली. मग तिने मान हलवली, दोनदा, जणू कोणीतरी तिला विचारलं होतं.

"म्हंजे येत व्हता," ती म्हणाली. "बाहेर येत व्हता माजा पोर."